डर्ट बाइक ‘कधी’ चालू होत नाही, ते आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत डर्ट बाइक लवकर चालू होत नसेल तर काय करावं, यावर चौकटीत एक टिपण आलं होतं. प्लग बदला, कार्ब्युरेटर साफ करा, स्क्रू अर्धा फेरा फिरवून पाहा, नाहीच जमलं तर स्टार्टिंग स्प्रे मारा आणि शेवटी मेकॅनिककडे जा, असा एकूण क्रम होता. तो शेवटचा मेकॅनिक म्हणजे मी. माझ्याकडे अशी गाडी येते तेव्हा नवा प्लग बसवून झालेला असतो, कार्ब्युरेटरच्या स्क्रूची खाच झिजलेली असते आणि मालक उजव्या पायानं लंगडत असतो. टिपण लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टींनी वाचकांचं नुकसान होईल आणि एका गोष्टीनं हात भाजेल, म्हणून हे जरा लांबलचक पत्र. जागा कमी असेल तर कापा, फक्त शेवटचा भाग कापू नका.

टिपणात सगळ्यात पहिला प्रश्नच नव्हता. गाडी चालू होत नाही ती नेमकी कधी? फोनवर कोणी ‘स्टार्ट होत नाही’ म्हणालं की मी मॉडेल नंतर विचारतो. सकाळी गार असताना त्रास देते की राउंड मारून आल्यावर, गरम असताना? पडल्यावर? धुतल्यावर? की दोन-तीन महिने कोपऱ्यात उभी होती? आणि ढकलून चालू होते का? एवढ्याची नीट उत्तरं मिळाली की पाना हातात घेण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. ‘कधीच होत नाही, कशीच होत नाही’ असं उत्तर आलं, तर मी पेट्रोल कॉक उघडा आहे का आणि हँडलवरचं लाल बटण कुठल्या बाजूला आहे, ते पाहायला सांगतो. हसू नका. त्यानंतर ‘झाली, झाली’ म्हणून घाईघाईनं फोन ठेवणारे बरेच असतात.

इंजिनाला करंट, पेट्रोल-हवेचं बरोबर मिश्रण आणि कॉम्प्रेशन (पिस्टननं ते मिश्रण दाबणं) लागतं, हे टिपणात होतं आणि ते बरोबरच आहे. पण तिन्हींपैकी कशाची कमतरता आहे ते ‘कधी’वरून कळतं, पार्ट बदलत सुटल्यानं कळत नाही.

उभी राहिलेली गाडी सगळ्यात सोपी, म्हणून ती आधी. पेट्रोल हा अनेक घटकांचा मेळ असतो. त्यातले हलके घटक आधी उडून जातात आणि गार इंजिन चालू व्हायला नेमके तेच लागतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि कॉक तिथूनच पेट्रोल घेतो. त्यामुळे टाकी भरलेली दिसते, वासही येतो आणि गाडी काही केल्या पेटत नाही. अशा वेळी कार्ब्युरेटर उतरवायची घाई नको. फ्लोट बोलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळच्या पेट्रोलच्या वाटीच्या, खालचा ड्रेन स्क्रू सैल करा, आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली उजेडात धरा. तळाला पाण्याचे थेंब वेगळे लोळताना दिसले तर निदान झालं. रंग गडद आणि वास व्हार्निशसारखा असेल तरी झालंच. टाकी रिकामी करा, ताजं पेट्रोल भरा आणि मग पायलट जेटकडे वळा, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तोटीकडे.

पायलट जेटचं भोक किती बारीक असतं याची लोकांना कल्पना नसते. पुष्कळ मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाड्यांमध्ये ते साधारण 0.4 मिलिमीटर असतं. वाळलेल्या पेट्रोलचा पातळसा थरही ते अर्धं बुजवायला पुरतो. जेट काढून डोळ्यासमोर उजेडाकडे धरा. आरपार स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. ठिपका दिसतो पण कडा फरकाटलेल्या आहेत, असं असेल तर तो साफ नाही. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कितीही ट्यूनिंग केलं तरी गाडी हिशोबात बसत नाही. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो, नाही तर सरळ नवा जेट टाका. खूण अशी, की गाडी चोकवर चालू होते, चोक ओढून ठेवला तर चालत राहते आणि आत ढकलला की मरते. म्हणजे पायलटमधून पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. कार्ब्युरेटर आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधलं रबर हातानं वाकवून पाहा, भेग बहुधा खालच्या बाजूला असते, जिथे डोळा जात नाही.

आता त्या ‘अर्धा फेरा’ स्क्रूबद्दल. कुठला स्क्रू, ते टिपणात नाही. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो फ्युएल स्क्रू, तो बाहेरच्या दिशेनं फिरवला की पेट्रोल वाढतं. फोर-स्ट्रोकच्या केहिन एफसीआर या कार्ब्युरेटरला तो अगदी तळाशी असतो, गरम इंजिनाखाली बोटं घालून शोधावा लागतो. टू-स्ट्रोकच्या बहुतेक कार्ब्युरेटरला स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, तो एअर स्क्रू, तो बाहेरच्या दिशेनं फिरवला की हवा वाढते. म्हणजे तोच अर्धा फेरा एका गाडीत मिश्रण दाट करतो आणि दुसरीत पातळ. अशा सल्ल्यावर वाचक स्क्रू फिरवणार, गाडी बिघडवणार आणि मूळ सेटिंग किती होतं तेही विसरणार. फिरवायचाच असेल तर आधी स्क्रू हलक्या हातानं आत टेकेपर्यंत फेरे मोजा आणि लिहून ठेवा. जोरानं आवळला तर सुईचं टोक मोडून आत बसतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फोर-स्ट्रोक डर्ट बाइक गरम असताना चालू होत नाही किंवा किकनं होत नाही पण ढकलून एका झटक्यात होते, या तक्रारीचं सगळ्यात सामान्य कारण टिपणात अजिबात नव्हतं. ते कारण म्हणजे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा क्लिअरन्स. मिश्रण आत घेणारी इनटेकची आणि धूर बाहेर सोडणारी एक्झॉस्टची झडप म्हणजे व्हॉल्व्ह, आणि ती बंद असताना तिच्या दांडीच्या टोकाशी राहणारी बारीक फट म्हणजे क्लिअरन्स.

रस्त्यावरच्या गाडीत टॅपेट सैल होतात आणि कटकट आवाज करून आपल्याला सांगतात. मोटोक्रॉसच्या फोर-स्ट्रोकमध्ये उलटं होतं. व्हॉल्व्ह झिजत झिजत सीटमध्ये, म्हणजे ज्या कडीवर तो टेकतो तिच्यात, आत सरकतो, त्याची दांडी वर येते आणि क्लिअरन्स कमी होत जातो. आवाज येत नाही, उलट इंजिन आधीपेक्षा शांत वाटतं. क्लिअरन्स संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. जोरात फिरणाऱ्या इंजिनाला एवढी गळती जाणवत नाही, म्हणून गाडी चालते छान. पण किकच्या मंद गतीत कॉम्प्रेशन गळून जायला भरपूर वेळ मिळतो. इंजिन गरम असताना दांडी आणखी लांबते, उरलासुरला क्लिअरन्सही जातो. ढकलून चालू होते ती त्यामुळेच: चाकाच्या जोरावर इंजिन किकपेक्षा वेगानं फिरतं.

अलीकडे एक तरुण रायडर तिची 250 सीसीची फोर-स्ट्रोक घेऊन आली. नवा प्लग, नवा पायलट जेट, ताजं पेट्रोल, सगळं करून झालं होतं. ट्रॅकवर दरवेळी वडील मागून ढकलायचे. मी किक हातानं खाली दाबली, ती नको तितकी सहज गेली. सीट, टाकी, हेड कव्हर काढलं, इंजिन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टॉपला आणून खुणा जुळवल्या. इंजिन पूर्ण गार हवं, हे सांगून ठेवतो, गरम असताना घेतलेलं माप निरुपयोगी. मग फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा. अशा पुष्कळ इंजिनांत इनटेकला साधारण 0.10 ते 0.15 आणि एक्झॉस्टला 0.20 ते 0.25 मिलिमीटर लागतं, नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. एक्झॉस्टचे दोन्ही बरोबर, पाती हलकीशी धरून सरकत होती. उजव्या इनटेकला 0.10 ची पाती टेकून थांबली, 0.08 ची कशीबशी गेली. डाव्याला 0.05 सुद्धा शिरेना. तिला म्हटलं, तूच धर. तिनं पाती लावली, ढकलली, पाती वाकली. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण इनटेकच का? एक्झॉस्ट तर जास्त गरम असतो. त्याचं उत्तर एअरबॉक्समध्ये होतं. फिल्टर काढून मागच्या रबरी नळीत पांढरं स्वच्छ कापड बोटाला गुंडाळून फिरवलं, तर बोटावर मातकट पट्टा आला. फिल्टर धुतलेला होता, तेलही होतं. फक्त तो जिथे टेकतो त्या कडेला ग्रीस नव्हतं आणि एका कोपऱ्यात फोम दुमडला होता. तिथून येणारी बारीक धूळ इनटेक व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये दर फेऱ्याला चिरडली जाते. या गाड्यांत पुष्कळदा इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात, वजनाला हलके, वर कठीण लेप. धूळ तो लेप खाते आणि लेप गेला की खालचा धातू भराभर झिजतो. म्हणजे ढकलून चालू करावी लागणाऱ्या गाडीचा खरा दोष फिल्टरच्या कडेला होता, आणि सगळे शोधत होते प्लगमध्ये.

उपाय शिम बदलणं. बकेटखाली, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरच्या वाटीखाली, शर्टाच्या बटणाहून लहान, गोल, पोलादी चकती असते. घट्ट असेल तर ती काढून तेवढी पातळ चकती घालायची. पण कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) उतरवावा लागतो, टायमिंग चेन सुटते, खुणा चुकल्या तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. ज्यानं कधी हेड कव्हर उघडलं नाही त्यानं माप घ्यावं, शिम अनुभवी माणसाकडून बदलून घ्यावी. माप घेणं कोणालाही जमतं. आणि शिम टाकल्यावर गाडी पुन्हा एका किकला येते म्हणून खूश होऊन विसरू नका. थोड्याच तासांत पुन्हा घट्ट झाली तर लेप गेलेला आहे, व्हॉल्व्ह बदलून सीट नीट करून घ्यायला हवी. टायटॅनियम व्हॉल्व्ह घासून बसवत नाहीत. तशीच चालवत राहिली की एक दिवस व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं, मग इंजिनात वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही.

इथे ‘तास’ म्हटलं ते मुद्दाम. डर्ट बाइकची सर्व्हिस किलोमीटरवर मोजत नाहीत, इंजिन किती तास चाललं यावर मोजतात. टिपणात ‘दर अमुक किलोमीटरला’ असं छापलं आहे. स्पर्धेच्या बहुतेक गाड्यांना किलोमीटर दाखवणारा मीटरच नसतो, हे लिहिणाऱ्यांनी एकदा गाडीजवळ उभं राहून पाहायला हरकत नव्हती. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा अवर मीटर मिळतो, तो लावावा आणि टॅपेटचं माप तारखेसह वहीत लिहावं. डावा इनटेक मागच्या वेळी 0.12 होता आणि आज 0.09 आहे, एवढं समोर असलं की गाडी बंद पडायच्या आधीच कळतं.

फोर-स्ट्रोक किकनं चालू करायला अवघडच, असं आपल्या टिपणात ओझरतं म्हटलं आहे. हे जुन्या काळाचं. यामाहाच्या वायझेडएम 400 एफ या प्रोटोटाइपवर अमेरिकी रायडर डग हेन्रीनं 1997 मध्ये लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत जिंकली आणि 1998 मध्ये वायझेड 400 एफ बाजारात आली, तेव्हा तिला खरंच एक विधी लागायचा. किक हळूहळू दाबून कॉम्प्रेशन शोधायचं, हँडलवरचा, कॉम्प्रेशन सोडून देणारा डीकॉम्प्रेशन लिव्हर ओढून पिस्टन टॉपच्या किंचित पुढे न्यायचा, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण लांबीची एकच. पुढे ऑटो-डीकॉम्प्रेशन आलं, कॅमशाफ्टवरची छोटी यंत्रणा किकच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडते आणि तो विधी संपला. आजची धड असलेली फोर-स्ट्रोक पहिल्या दुसऱ्या किकला यायलाच हवी. नाही आली तर तिला काहीतरी झालंय, ती जातच तशी असते म्हणून सोडून देऊ नये.

मात्र किकची रीत अजून महत्त्वाची आहे. मुलं थ्रॉटल पिळत पिळत भराभर अर्ध्या अर्ध्या किक मारतात. एफसीआर कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटर पंप असतो, प्रत्येक पिळीला तो कच्च्या पेट्रोलची एक चिळकांडी आत सोडतो. गार इंजिनाला दोन-तीन पिळ्या चांगल्या. गरम इंजिनाला एकही नको. थ्रॉटल बंद, किक वरपासून खालपर्यंत, पायाचं वजन पूर्ण.

गाडी पडली तर फ्लोट बोलमधलं पेट्रोल भलत्या वाटेनं आत जातं आणि इंजिन फ्लड होतं. घाबरून किक मारत बसलं की आणखी ओलं होतं. गाडी उभी करा, हॉट स्टार्ट लिव्हर असेल तर ओढा, तो थोडी जादा हवा आत सोडतो. तरी नाही तर थ्रॉटल पूर्ण उघडून, तसाच धरून, काही किक मारा म्हणजे आतलं जादा पेट्रोल बाहेर पडेल. मग थ्रॉटल बंद करून नेहमीसारखी. कच्च्या वाटांवर चालणाऱ्या, रस्त्यासाठी पासिंग असलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत बऱ्याचदा कलल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो करंट देत नाही. ओढ्यात पडली असेल तर किकला किंवा स्टार्टरला हातच लावू नका. आधी प्लग काढा, गाडी कलती करा, हातानं इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

धुतल्यावर चालू होत नसेल तर पहिला संशय किल स्विचवर, म्हणजे हँडलवरच्या त्या लाल बटणावर. स्पर्धेच्या गाड्यांत त्याचं काम करंट जमिनीला, म्हणजे बॉडीला टेकवणं एवढंच असतं. आत ओल किंवा चिखल गेला, वायर हँडलच्या क्लॅम्पखाली चेमटली, तर तो न दाबताच दाबल्यासारखा वागतो. अशा गाडीत त्याचा कनेक्टर सोडवा आणि किक मारून पाहा, करंट आला तर तोच चोर. रस्त्याच्या गाड्यांत वायरिंग वेगळं असतं, तिथे हा प्रयोग मॅन्युअल पाहूनच. आणि धुताना इनटेकमध्ये कोंबलेलं फडकं काढलंय ना, तेही पाहा. सायलेन्सरचं बूचसुद्धा. हे दोन्ही विसरणारे लोक आहेत आणि ते दरवेळी ‘कॉम्प्रेशन गेलंय वाटतं’ म्हणूनच येतात.

प्लगबद्दल टिपणात फक्त ‘बदला’ आहे. तो काढून पाहा ना आधी. बऱ्याच किक मारूनही टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोचतच नाही, अशा वेळी नवा प्लगही कोरडाच राहणार. ओला असेल तर पेट्रोल आहे, करंट नाही किंवा पेट्रोल जास्त आहे. आणि बाहेर हवेत ठिणगी दिसली म्हणजे प्लग चांगला, असंही नाही. दाबाखाली ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून बाहेर निळी ठिणगी देणारा प्लग आत बसल्यावर मुका होऊ शकतो. संशय असेल तर माहीत असलेला चांगला प्लग लावून पाहणं हाच प्रयोग. किक उलटी मारत असेल, पाय झटकत असेल, तर मात्र मॅग्नेटला शाफ्टवर जागच्या जागी धरणारी छोटी चावी तुटून टायमिंग सरकलंय का ते बघावं लागतं.

इंजेक्शनच्या गाड्यांना कार्ब्युरेटर नाही म्हणून त्रास नाही, असं नव्हे. सुझुकीची आरएम-झेड 450 सन 2008 मध्ये इंजेक्शनसह आली, तीही बॅटरीशिवाय. अशा गाड्यांत एका किकमधून निघणाऱ्या विजेवर पेट्रोल पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर आणि ठिणगी, सगळं भागवायचं असतं. पंपाला साधारण 3 बारचा दाब उभा करायचा असतो, म्हणून बरेच दिवस उभ्या गाडीला पहिल्या एक-दोन किक त्यातच जातात. त्यानंतरही नाही आली तर कंडेन्सर (किकची वीज साठवणारा भाग), टाकीतला फिल्टर आणि कनेक्टर, या क्रमानं. 2018 च्या वायझेड 450 एफ सारख्या सेल्फस्टार्टच्या गाड्यांना तर किकच उरली नाही, तिथे बॅटरी मोजा. सेल्फ मारताना व्होल्टेज 10 च्या खाली जात असेल तर स्टार्टर गुरगुरतो, पण कॉम्प्युटर झोपतो. लिथियम बॅटरी कडाक्याच्या थंडीत सुस्त असते. हेडलाइट असेल तर तो मिनिटभर लावून ठेवला की ती थोडी गरम होते आणि मग सेल्फ घेते.

टू-स्ट्रोकवाल्यांना टिपणानं एका ओळीत उडवलं आहे. त्यांच्याकडे टॅपेटवाले व्हॉल्व्ह नाहीत, पण क्रँकचे दोन ऑइल सील आहेत. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, गार असताना चालू व्हायला वेळ लागतो आणि चालू झाली की थ्रॉटल सोडूनही आवाज खाली येत नाही. हे लक्षण दिसल्यावर चालवत राहू नका, पिस्टन पकडतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरचं तेल आत येतं, पांढरा धूर, तेलकट प्लग आणि गिअर ऑइल कुठे गेलं कळत नाही. त्यानंतर रीड व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण फक्त आत जाऊ देणाऱ्या पाकळ्या: त्यांची टोकं उडालेली असतील किंवा त्या उजेडात धरल्यावर नीट टेकत नसतील तर किकच्या वेळी मिश्रण मागे कार्ब्युरेटरकडे फेकलं जातं. आणि पिस्टन-रिंग तर आहेतच. कॉम्प्रेशन गेजचा आकडा टू-स्ट्रोकमध्ये खरं सांगतो. ऑटो-डीकॉम्प्रेशनच्या फोर-स्ट्रोकमध्ये तो कमीच दिसतो, तिथे लीक-डाउन टेस्ट करावी. सिलेंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअरबॉक्समध्ये आली तर इनटेक, ब्रीदर नळीत आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आता ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं, तो भाग. आपल्या टिपणात लिहिलं आहे, ‘प्लग काढून त्याच्या भोकाजवळ धरा आणि किक मारून ठिणगी पाहा’. फ्लड झालेल्या इंजिनाच्या प्लगच्या भोकातून प्रत्येक किकला पेट्रोलची वाफ जोरात बाहेर येते. तिच्यासमोर ठिणगी धरली तर तिथल्या तिथे भडका उडतो, आणि वर टाकी असते. प्लगची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकलेली हवी, पण भोकापासून लांब. भोकात जुना प्लग किंवा फडकं लावावं आणि अंधाऱ्या जागी पाहावं. प्लग न टेकवता नुसती कॅप हवेत ठेवून किक मारली तर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो, तेही लिहायला हवं होतं.

दुसरं, स्टार्टिंग स्प्रे. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिळतं ते बहुधा पेट्रोलमध्ये मिसळूनच. स्प्रेमधल्या इथरमध्ये ते तेल नसतं, शिवाय सिलेंडरच्या भिंतीवर होतं तेवढं तेलही तो धुऊन काढतो. गाडी त्यावर भुर्र करून पेटली की पहिले काही फेरे धातूवर धातू घासत जातात. फोर-स्ट्रोकमध्ये स्प्रेनं पेटली तरी टॅपेट घट्ट आहेत की जेट बुजलाय, ते काही कळत नाही, दोष तिथेच राहतो आणि गाडी पुन्हा ट्रॅकच्या टोकाला बंद पडते.

तेव्हा पुढच्या पुरवणीत ठिणगीची चाचणी आणि स्प्रे यांबद्दलची ती दोन वाक्यं तेवढ्याच ठळक अक्षरात मागे घ्यावीत, ही विनंती. टिपण कात्रण करून गॅरेजच्या भिंतीला चिकटवणारे वाचक आहेत. माझ्याच गॅरेजात एका शिकाऊ पोरानं ते लावलं होतं, मी त्यातली ती दोन वाक्यं पेननं खोडून ठेवली आहेत.

कळावे,
आपला एक वाचक,
डर्ट बाइक मेकॅनिक